गायरानावर युरिया फेकण्याआधी ओल पाहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

उन्हाळा सरत आला की ग्रामसभेत चाऱ्याचा विषय निघतो. हल्ली त्यावर एक सोपा उपाय सुचवला जातो: ई-क्लासच्या, म्हणजे गावाच्या गायरानाच्या, जमिनीवर मृगाच्या आधी युरिया फेकून द्यावा, पाऊस पडला की गवत आपोआप येईल. युरिया स्वस्त आहे, आणि तो दिला की चार-सहा दिवसांत पऱ्हाटी (कपाशी) काळोखी धरते हे सगळ्यांनी पाहिलेले आहे. पऱ्हाटीला चालते ते गवताला का चालू नये, असा हा हिशेब आहे. आमचा त्याला विरोध आहे. बरडावरच्या, म्हणजे उथळ मुरमाड जमिनीवरच्या, गवताला नत्र (युरियातले नायट्रोजन) कधी लागते आणि कधी लागत नाही हे पाऊस ठरवतो. पावसाआधी फेकलेला युरिया बराचसा हवेत जाऊ शकतो, आणि उरलेला ज्या झाडाला मिळायला नको त्याला मिळतो.

आधी पाण्याचे पाहू. पश्चिम विदर्भात पावसाळ्यात साधारण सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस पडतो. गवताला एवढा पाऊस भरपूर वाटतो, पण तो मुळांना मिळतो का, हा प्रश्न आहे. गावाच्या वाट्याला गायरान म्हणून आलेली जमीन बहुधा बरड असते: वर वीतभर माती, खाली मुरूम. अशी माती सेंटिमीटरला सुमारे एक मिलिमीटर एवढेच मुळांना घेता येईल असे पाणी धरते. म्हणजे वीस सेंटिमीटर मातीत वीस मिलिमीटर, आणि त्यातले दगडगोटे वजा केले तर त्याहूनही कमी. उघाड पडली आणि ऊन तापले की गवत व जमीन मिळून दिवसाला चार-पाच मिलिमीटर पाणी उडवतात. पाचव्या-सहाव्या दिवशी टाकी रिकामी. मीटरभर खोल काळ्या जमिनीत दीड-दोनशे मिलिमीटर पाणी राहते, म्हणून पंधरा दिवसांच्या खंडात पऱ्हाटी तग धरते आणि धुऱ्यापलीकडचे बरड पिवळे पडते. एका दिवशी ऐंशी मिलिमीटर कोसळला तरी बरडाच्या टाकीत वीसच मावतात, बाकीचे नाल्याला जातात. त्यामुळे हंगामाची बेरीज आठशे असली तरी दोन पावसांच्या मधल्या दिवसांत बरडावरचे गवत वाळवंटी गवतासारखेच जगते.

म्हणूनच वाळवंटी गवताळ प्रदेशातले प्रयोग आपल्या कामाचे आहेत. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात सेव्हिलेटा येथे चिवावा वाळवंटाच्या कडेचे कुरण आहे. तिथे वर्षाचा पाऊस जेमतेम अडीचशे मिलिमीटर, आणि त्यातला निम्म्याहून अधिक उन्हाळी मोसमी वाऱ्यांचा. तिथल्या काही तुकड्यांना १९९५ पासून दरवर्षी चौरस मीटरला १० ग्रॅम नत्र दिले गेले. आपल्या मापात ते एकरी जवळजवळ दोन पोती युरिया होते. २००४ ते २००९ या सहा वर्षांत त्या तुकड्यांतली आणि खत न दिलेल्या तुकड्यांतली जमिनीवरची वाढ मोजली. फरक दिसला तो फक्त दोन वर्षी: २००४ मध्ये, कुरण मुद्दाम जाळल्यानंतर, आणि २००६ मध्ये, मोसमी पाऊस सरासरीच्या दुप्पट झाला तेव्हा. उरलेली चार वर्षे खत देऊन जमिनीवरच्या उत्पादनात फरक पडला नाही. मुळांच्या वाढीवर तर नत्राचा परिणामच दिसला नाही, ती पावसाच्या मागे गेली. पाण्याची तहान भागल्यावरच नत्राची भूक लागते, हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारे काम थोडे आहे.

त्याच ठिकाणी २००७ पासून दुसरा प्रयोग सुरू झाला. नैसर्गिक पावसावर भर म्हणून काही तुकड्यांना आठवड्याला ५ मिलिमीटर पाणी दिले, काहींना महिन्यातून एकदाच २० मिलिमीटर. एकूण पाणी सारखेच, तरी महिन्याच्या एका मोठ्या सरीने गवत जास्त वाढले, कारण पाच मिलिमीटर वरच्या वर उडून जातात आणि वीस मिलिमीटर मुळांपर्यंत पोचतात. इथे मात्र आंधळेपणाने नक्कल करू नये. आपल्या बरडाला वीस-पंचवीस मिलिमीटरची सर आठवड्याने मिळाली तर ते उत्तम, शंभर मिलिमीटर एकदाच मिळून नंतर तीन आठवडे उघाड पडली तर ते वाईट. सरीचे माप जमिनीच्या टाकीला जुळले पाहिजे.

आता पहिल्या पावसाकडे येऊ, कारण युरियावाल्यांची सगळी घाई त्याचीच आहे. चार-पाच महिने तापलेल्या मातीवर पहिली सर पडली की मातीतले सूक्ष्मजीव एकदम कामाला लागतात. उन्हाळ्यात मेलेले जीवाणू, बारीक मुळ्या, कुजका पाला यांतले नत्र काही दिवसांत मोकळे होते. एच. एफ. बर्च यांनी १९५८ मध्ये पूर्व आफ्रिकेतील मातीच्या अभ्यासावरून हे मांडले, आणि तेव्हापासून या उसळीला त्यांचेच नाव आहे. याचा अर्थ असा की मृगाच्या पहिल्या सरीनंतर मातीत वर्षातले सगळ्यात जास्त मोकळे नत्र असते. त्यात आणखी नत्र टाकायला सांगणे म्हणजे जेवून उठलेल्याला वाढणे. बहुवार्षिक गवताची नवी मुळी तेव्हा नुकती फुटत असते. पवन्या, मारवेल, डोंगरी ही गवते पहिले पान बाहेर काढतात ते गेल्या हंगामाच्या शेवटी ठोंबात (जमिनीलगतच्या बुंध्यात) साठवलेल्या नत्रावर आणि साखरेवर. मोकळ्या नत्राचा फायदा घेते ते बियांपासून भराभर उगवणारे हंगामी झाड.

ते झाड कोणते, हे पाहायला लांब जायला नको. गावाच्या आखरावर, जिथे ढोरे रोज जमतात आणि शेण-मूत पडते, तिथे आषाढात काय उगवते ते पाहावे: कमरेएवढा तरोटा, मधून गाजरगवत, आणि गवत म्हणावे तर कडेला थोडी हरळी. आखर हा नत्राचा फुकटात झालेला प्रयोगच आहे. तरोटा शेंगेचा असला तरी उपटून पाहा, मुळावर गाठी सापडणार नाहीत. तो हवेतले नत्र बांधत नाही, मातीतले खातो. कोवळेपणी त्याची भाजी होते हे खरे, पण ढोर त्याला तोंड लावत नाही. मृगाआधी गायरानावर युरिया फेकणे म्हणजे सगळ्या गायरानाचे आखर करणे होय.

शिवाय तो युरिया मातीत टिकत किती, हेही पाहावे. पोते ४५ किलोचे, त्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे पोत्यामागे सुमारे २०.७ किलो. दाणा ओलसर जमिनीवर पडला की मातीतल्या आणि वाळक्या गवतावरच्या विकरांमुळे फुटतो, दाण्याभोवतीची माती जास्त अल्कधर्मी होते आणि नत्र अमोनिया वायू होऊन उडते. आपल्या जमिनींचा सामू (पीएच) बहुतेक ठिकाणी साडेसात ते साडेआठ, त्यात चुनखडी, वरून जूनचे ऊन आणि जमिनीवर जुन्या काडीचा थर. यातली प्रत्येक गोष्ट अमोनिया उडायला मदत करते. अशा स्थितीत चौथा हिस्सा किंवा त्याहून अधिक नत्र हवेत जाऊ शकते. दाणा जमिनीत जिरायला एक-दोन दिवसांत बारा-पंधरा मिलिमीटर पाऊस हवा. मृगाचा तुषार तीन-चार मिलिमीटरचा असला तर तो दाणा फोडतो, पण खाली नेत नाही. नुकसानीला याहून सोयीची स्थिती नाही. निमलेपित युरिया आहे, तो उडत नाही, असे काही जण सांगतात. ते चूक आहे. निमतेलामुळे अमोनियमचे नायट्रेट होण्याचा वेग कमी होतो, म्हणजे पुढे झडीत वाहून जाणे कमी होते. आधीच्या पायरीवर अमोनिया उडतो, त्याला निमलेप अडवत नाही.

आणि एक धोका. गायरानावर ढोरे मोकळी असतात. दाण्यांचा ढीग चाटला, पोते धुतलेले किंवा खत विरघळलेले डबक्यातले पाणी प्याले तर युरियाची विषबाधा होते आणि उपचाराला वेळ फार थोडा मिळतो. वावरात हे टाळता येते, ई-क्लासवर गायकी तरी किती ढोरांकडे बघणार?

तरीही बरडात नत्र कमी आहे, हे आम्ही मान्य करतो. पण ते कमी का झाले हे न पाहता वरून ओतण्याला अर्थ नाही. वाळल्या गवतात पाच टक्के प्रथिने धरली तर एक टन गवताबरोबर आठ किलो नत्र गायरानातून बाहेर जाते, म्हणजे सतरा-अठरा किलो युरियाएवढे. ढोरे दिवसभर गायरानावर खातात आणि रात्री गोठ्यात शेण टाकतात. ते शेण उकिरड्यातून वावरात जाते किंवा गोवऱ्या होऊन चुलीत. वर्षानुवर्षे नत्राची वाट एकाच दिशेची राहिली आहे, गायरानातून गावाकडे. उन्हाळ्यात वणवा लावला की काडीतले बहुतेक नत्र धुरातून जाते. राखेत स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅश) राहते, म्हणून जळालेल्या जागी पहिले कोंब हिरवेगार दिसतात आणि जाळणे फायद्याचे वाटते. दरवर्षी जाळलेल्या बरडावर चार-पाच वर्षांत पवन्या मागे हटतो आणि कुसळी पुढे येते. पुढे कुसळीही विरळ झाली की उरतात पांढुरकी, आखूड, एकाच हंगामाची गवते, ज्यांना ढोरे फक्त नाइलाजाने खातात.

पावसाळ्यात बरडावर चालताना पायाखाली एक काळपट-हिरवा थर बुळबुळतो. उन्हात तो पापुद्र्यासारखा वाळतो आणि पाणी लागताच तासाभरात पुन्हा जिवंत होतो. ही नीलहरित शेवाळे आहेत. त्यांतल्या काही जाती हवेतले नत्र बांधतात, आणि वाळवंटी कुरणांतही जमिनीवरचा असाच थर हे काम करतो. तो खुरांनी आणि ट्रॅक्टरच्या चाकांनी मोडतो, आणि चांगले गवत असलेल्या जागी पाणी अडवायला चर खोदले की मुरुमाखाली गाडला जातो. म्हणून सलग समतल चर उघड्या, धुपलेल्या उतारावर जरूर घ्यावेत, पण जिथे पवन्या-मारवेलाचे ठोंब शाबूत आहेत तिथे कुदळ लावू नये. तिथे दगडांचे हातभर उंचीचे आडवे बांध पुरेत.

नत्र वाढवायचे असेल तर शेंगवर्गीय झाडे आणावीत. शेवरा, रानमूग ही आपल्याकडची आहेतच. ढोरे ती पहिली खातात म्हणून दिसत नाहीत, तुकडा दोन पावसाळे बंद ठेवला की परत येतात. त्यांना जोड म्हणून स्टायलो हे शेंगवर्गीय चाऱ्याचे झाड. हमाटा जात लवकर पसरते आणि स्वतःचे बी पाडून पुन्हा येते. स्कॅब्रा जात खोल मुळाची, जास्त वर्षे टिकणारी. बरडावर दोन्ही मिसळून एकरी चार किलो बी फोकून पुरते.

स्टायलोत लोक फसतात ते बियाण्यापाशी. त्याचे कवच टणक असते, तसेच फोकले तर पहिल्या वर्षी थोडेच उगवते आणि ‘स्टायलो आपल्याकडे येत नाही’ असा शेरा मारला जातो. बी ८० अंशांच्या पाण्यात चार मिनिटे ठेवायचे असते. तापमापक नसेल तर खळखळ उकळलेल्या पाण्याची तीन भांडी आणि साध्या पाण्याचे एक भांडे एकत्र करावे, तापमान तेवढ्यावर येते. बी सुती कापडात सैल बांधून चार मिनिटे बुडवावे, लगेच गार पाण्यात टाकून रात्रभर ठेवावे आणि सकाळी सावलीत सुकवावे. गरम पाण्यातच निवेपर्यंत ठेवले तर अंकुर मरतो. चांगला पाऊस होऊन ओल वीतभर गेल्यावर ठोंबांच्या मधल्या उघड्या जागेत बी फोकावे आणि वरून बोराटीची काटेरी फांदी ओढावी. बी एक सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ देऊ नये.

सोबत खत द्यायचे तर युरियाऐवजी सिंगल सुपर फॉस्फेट द्यावे, एकरी दोन पोती, म्हणजे १०० किलोतून १६ किलो स्फुरद. गाठी बांधायला स्फुरद लागते, आणि त्यातले गंधकही कामी येते. इथे नत्र दिले तर झाड आयते खाते आणि गाठी धरत नाही. चाळीस दिवसांनी पाच-सहा रोपे कुदळीने मातीसकट उचलून पाण्यात धुवावीत. गाठ नखाने फोडली आणि आत गुलाबी-लाल निघाली तर काम चालू आहे. पांढरी किंवा हिरवट निघाली तर स्फुरद कमी पडले, पाणी साचले किंवा योग्य जीवाणू नाहीत, म्हणून पुढच्या वेळी चवळीवर्गाचे रायझोबियम बियाण्याला चोळावे. पहिल्या वर्षी बी गळेपर्यंत चराई बंद. नंतर ढोरेच शेणातून बी पसरवतात.

गवताचे बी टाकायचे असेल तर ते गेल्या हंगामाचे असावे. मारवेल, पवन्याचे ताजे बी सुप्तावस्थेत असते. मारवेल ठोंबांनीच लावलेला बरा: ५० सेंटिमीटर अंतराने एकराला सुमारे १६ हजार ठोंब लागतात, म्हणून एका वर्षी एकच एकर घ्यावा.

मग युरिया कधीच नको का? तसे नाही. जिथे निम्म्याहून जास्त जमीन बहुवार्षिक गवताने झाकली आहे, तुकडा राखलेला आहे, आणि तो कापून नेण्यासाठी आहे, तिथे चांगल्या पावसाच्या साली आर्द्रा सरल्यावर, पुनर्वसू-पुष्यात, एकरी अर्धे पोते चालते. त्याआधी कुदळीने खणून ओल पाहावी. वीतभर खाली मूठभर माती दाबून गोळा होत असेल आणि आभाळ भरलेले असेल तर संध्याकाळी द्यावे. गोळा होत नसेल तर पोते घरी ठेवावे. उघाडीत नत्र दिले तर गवत वाढत नाही, उलट नुसते शोषलेले नायट्रेट पानात साठते आणि असे भुकेले, कोमेजलेले गवत खाल्लेल्या ढोरांना बाधू शकते.

सगळ्या गायरानावर टाकण्याआधी ग्रामपंचायतीने एक हंगाम पडताळून पाहावे. पाच बाय पाच मीटरचे नऊ चौकोन बाभळीच्या काट्यांनी बंद करावेत. तीन तसेच ठेवावेत. तिघांत मृगाआधी आणि तिघांत वर सांगितलेल्या वेळी १४० ग्रॅम युरिया द्यावा. एकरी अर्ध्या पोत्याचे एवढ्या जागेला तेवढेच होते, म्हणून दोन किलो कोरड्या मातीत मिसळून टाकावा म्हणजे सारखा पडतो. तिन्ही प्रकार उतारावर वर, मध्ये, खाली असे विखरावेत, नाहीतर खालच्या ओलीचा फायदा खताच्या नावावर जातो. गवत फुलोऱ्यात आले की प्रत्येक चौकोनाच्या मधोमध एक मीटर बाय एक मीटर जागा कापावी. गवत आणि तरोटा-गाजरगवत वेगळे वाळवून वेगळे तोलावे. चौरस मीटरला १०० ग्रॅम म्हणजे एकरी सुमारे ४०० किलो. दोघांचे वजन एकत्र केले तर मृगाचा युरिया जिंकल्यासारखा दिसू शकतो, म्हणून वेगळे तोलणे सोडू नये.

कापणीची वेळ हा नत्राचाच प्रश्न आहे. फुलोऱ्यात कापलेल्या गवतात प्रथिने पिवळ्या पडलेल्या गवताच्या दुपटीच्या आसपास असतात. दिवाळीनंतर पिवळे झालेले कापले तर पेंढ्या भरपूर मिळतात, पण ढोराच्या पोटात काडीच जाते. कुसळी तर कुसळ धरण्याआधीच, भाद्रपदाच्या सुरुवातीला कापावी. मात्र दरवर्षी सगळे गायरान फुलोऱ्यात कापले तर ठोंबात परत जाणारे नत्र आपणच नेतो आणि बी पडत नाही. म्हणून तीन भाग करून एक भाग पूर्ण पिकू द्यावा आणि पुढच्या वर्षी पाळी बदलावी. वर्धा जिल्ह्यातील गवळाऊ जनावरे सांभाळणाऱ्या गवळ्यांना आणि अकोला-वाशीमकडे कुरणे राखणाऱ्या फासेपारधी वस्त्यांना अशी राखणी नवीन नाही. ग्रामपंचायतींनी खताच्या पावतीआधी त्यांना विचारावे.

संपादक महोदय, आपल्याकडे एक मागणी आहे. आपण रोज जिल्ह्याचा पाऊस आणि सरासरीची टक्केवारी छापता. त्यातून बरडाचे काहीच कळत नाही, कारण टक्केवारी शंभर असली तरी मध्ये अठरा दिवसांची उघाड लपलेली असू शकते. महसूल मंडळाचे पर्जन्यमापक आता बहुतेक ठिकाणी आहेत. जून ते सप्टेंबर मंडळनिहाय दोनच आकडे छापावेत: काल किती मिलिमीटर पडला, आणि दहा मिलिमीटरची शेवटची सर होऊन किती दिवस झाले. ज्या मंडळात दुसरा आकडा सहाच्या वर गेला, तिथल्या बरडावर त्या दिवशी खत टाकू नये आणि ढोरे दुसऱ्या तुकड्यावर न्यावीत, एवढे त्या ओळीवरून गावातल्या कोणालाही ठरवता येईल.

आपले,
गायरान व गवताच्या कामातले काही जण,
दारव्हा-दिग्रस परिसर, जि. यवतमाळ